चार तास लवकर

शेजारच्या अमेरिकन आजोबांना लाल रंग दिसत नाही, हे सहा वर्षं त्यांच्या बाजूला राहूनही मला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी साडेनऊला त्यांनी आमची बेल वाजवली तेव्हा कळलं. मी नऊवारीला इस्त्री करत होते. संध्याकाळी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि निवेदन माझ्याकडे होतं. नवरा मुलीला घेऊन स्विमिंगला गेला होता. दार उघडलं तर आजोबा शिकारीच्या कपड्यांतच उभे, हातात ब्रेडची लांबट प्लास्टिक पिशवी. पिशवीतून बाणाची पिसं बाहेर आलेली.

"दोन मिनिटं आहेत का तुला? याचा रंग सांगशील?"

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत होतं. पण त्यांच्या सावकाश, जुन्या पद्धतीच्या इंग्रजीत मला नेहमी घरच्या मोठ्या माणसाचा आवाज ऐकू यायचा, म्हणून मराठीत लिहिताना तसंच लिहितेय.

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात ते, हे मात्र माहीत होतं. इथे ईडन प्रेरी गावात आम्ही घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी हरणाचं मटण आणून दिलं होतं. मी ते आमच्या नागपूरच्या पद्धतीने सावजी मसाल्यात केलं आणि वाटीभर परत पाठवलं. दोघं नवरा-बायको घाम पुसत पुसत जेवले म्हणे. आजी तेव्हा चांगल्या होत्या. नंतर त्या विसरायला लागल्या, चुकून आमच्या दाराला त्यांची किल्ली लावायला लागल्या, आणि आता दोन वर्षं झाली, केअर होममध्ये होत्या. आजोबा रोज अकराला त्यांना भेटायला जात. त्या दिवशी गेले नाहीत.

मी पिशवीत पाहिलं. "गडद आहे. काळपट तपकिरी. इथे हिरवट काहीतरी लागलंय."

"बुडबुडे? गुलाबी फेस?"

"नाही."

त्यांनी पिशवी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "वासावरून वाटलंच होतं. पोटात लागलाय."

मग दारातच उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. जन्मापासून त्यांना लाल, हिरवा आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही. वाळक्या पानांवरचं रक्त त्यांना दिसतच नाही. पस्तीस वर्षं बाण ते मारत आणि माग आजी काढत. आजी पुढे, ते मागे. गेल्या दोन वर्षांत त्यांनी बाण मारलाच नव्हता, नुसते मचाणावर बसून परत यायचे. आज सकाळी पावणेआठला एक मादी पंचवीस पावलांवर आली, आणि हात उचलला गेला. बाण सुटता सुटता तिने पाऊल पुढे टाकलं.

"फुप्फुसात लागला असता तर दोन मिनिटांत पडली असती," ते म्हणाले. "पोटात लागला की हरीण तासन् तास जगतं. त्याला छेडलं नाही तर जवळपासच जाऊन बसतं आणि तिथेच मरतं. मागे गेलो तर उठून पळतं, आणि मग माग राहत नाही. आठ तास थांबायचं असतं. चार वाजता येशील माझ्याबरोबर? तुला फक्त लाल कुठे आहे ते सांगायचंय."

इथे मी काय म्हणाले, ते नीट लिहायला हवं.

मी आधी विचार केला तो पंचशीलातल्या पहिल्याच शीलाचा. दर रविवारी विहारात हात जोडून, जीवहिंसेपासून दूर राहीन म्हणणारी मी. मटण खाते, ते वेगळं. मग वाटलं, बाण तर लागून गेलाय, आता जायचं ते तो जीव सुटावा म्हणून. त्यात काही वाईट नाही. एवढं झाल्यावर मी घड्याळ पाहिलं.

"चारला नाही जमणार. साडेतीनला हॉलवर पोचायचंय मला. आत्ता निघालो तर येते."

"आत्ता लवकर होईल."

"पण दोनला पाऊस आहे." मी फोनवर त्यांना ढगांचा नकाशा दाखवला. "पावसात रक्त धुऊन नाही का जाणार?"

ते बराच वेळ त्या नकाशाकडे बघत राहिले. तोही त्यांना एकाच रंगाचा दिसत असेल. "हो," ते म्हणाले, "तेही खरंच आहे."

माग काढणारा कुत्रा घेऊन येणाऱ्या दोघांना त्यांनी आमच्या दारातूनच फोन केले. एकाने उचलला नाही, दुसरा दुसरीकडे गुंतला होता, उद्या सकाळी बघू म्हणाला. मग ते मला म्हणाले, "चल."

संध्याकाळची तयारी आटोपून निघेपर्यंत मला अकरा वाजले. परत यायचं होतं म्हणून मी माझी गाडी घेतली. पश्चिमेला पाऊण तासावर त्यांच्या भावाची जमीन आहे, थोडं रान, थोडी दलदल. बाराला आम्ही मचाणाखाली उभे होतो. त्यांनी मला टॉयलेट पेपरचा रोल दिला. रक्त दिसेल तिथे एक तुकडा फांदीला अडकवायचा, पुढचं दिसेपर्यंत मागचं सोडायचं नाही. "बोलायचं नाही. पाय हळू."

पहिला डाग शोधायला मला पंधरा मिनिटं लागली. रक्त म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे सहज दिसणार, असं मी धरून चालले होते. पण मेपलची सगळी पानंच लाल पडलेली, काहींवर तर नैसर्गिक ठिपके, अगदी थेंबासारखे. शेवटी मी बोट थुंकीने ओलं करून ठिपका पुसून बघायला लागले. बोटाला आलं तर रक्त. असं वाकून वाकून, एकेक पान. मिरीएवढा थेंब, मग सात-आठ पावलं काहीच नाही, मग गवताच्या पात्यावर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एक पुसट फराटा. आजोबा मागे, शेवटच्या कागदापाशी उभे राहायचे. मी हात वर केला की तिथपर्यंत यायचे. मागे वळून पाहिलं की झाडाझाडांतून पांढरे तुकडे दिसायचे, आणि एकदा तर मला, लाज वाटते सांगायला, मजा वाटली. जमतंय मला, असं वाटलं.

ओढ्याच्या काठाला पडलेल्या एका ओकच्या झाडापाशी दबलेलं गवत दिसलं. हरीण बसल्यासारखा गोल खळगा, आणि त्यात हाताच्या पंजाएवढं काळपट रक्त. मी आजोबांना हात केला. ते आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी खळग्यात तळहात ठेवला.

"गरम आहे," ते कुजबुजले.

तेवढ्यात पुढच्या झुडपात खडखड झालं. पंधरा-वीस हातांवर ती उठली. पाठ बाकदार, शेपूट खाली दाबलेली, चारी पाय जवळ घेतल्यासारखी. आमच्याकडे एकदा तोंड केलं. मी हरणं रोज बघते, आमच्या मागच्या अंगणात येऊन ती होस्टाची रोपं खाऊन जातात. असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. वेदनेने तोंड जरा उघडं होतं. मग ती धावली नाही, चालतच गेली, पण भराभर, आणि कुंपणाची तार ओलांडून पलीकडच्या दलदलीतल्या उंच पाणकणसांत शिरली. पाणकणसं थोडा वेळ हलत राहिली.

आजोबांनी धनुष्य उचललंही नव्हतं. मध्ये इतकी झुडपं होती की बाण गेलाच नसता. मला वाटलं काही बोलतील, रागावतील. "आता ती थांबणार नाही," एवढंच म्हणाले.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पाऊस दोनची वाट न बघता दीडलाच आला.

आम्ही कुंपणापर्यंत गेलो. तारेवर एक केस आणि एक डाग होता. मी कागद अडकवला, तो माझ्यासमोर भिजून तुटून पडला. पलीकडची जमीन दुसऱ्या कुणाची होती, आत जाण्यास मनाई अशा पाट्या दर दहा पावलांवर लावलेल्या. कुंपणाच्या अलीकडून आम्ही अर्धा-पाऊण तास येरझाऱ्या घातल्या. पानं धुऊन चकचकीत झाली होती, आता सगळीच लाल दिसत होती. सव्वादोनला मी म्हटलं, "मला निघायला हवं."

"निघ तू. रस्ता निसरडा असेल, सांभाळून जा."

"तुम्ही?"

"मी थोडा वेळ बघतो."

काय बघणार होते ते? त्यांना कोरड्यातही दिसत नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मी गाडीकडे चालायला लागले. साडेतीनला मी हॉलवर होते. नखांत माती होती, मेकअप करणारी म्हणाली, गार्डनिंग केलंस का ग आज? मी हो म्हटलं. निवेदन छान झालं. लोकांनी कौतुकही केलं.

रविवारी सकाळी मी कार्यक्रमाच्या आवरा-आवरीचं कॅन्सल केलं आणि पुन्हा त्यांच्याबरोबर गेले. नवरा म्हणाला, "तू कशाला पडतेस यार यात?" मी बूट चढवले. कुत्रेवाल्याने सांगितलं होतं, शेजारच्या मालकाची परवानगी घ्या, मग येतो. म्हणून आम्ही आधी त्या मालकाकडे गेलो. तिशीतला माणूस, गॅरेजमध्ये पानं गोळा करायच्या पिशव्या भरत होता. आजोबांनी टोपी काढली आणि सगळं खरं खरं सांगितलं.

"सॉरी," तो म्हणाला. "माझ्या जमिनीवर मला शिकार नको आहे. पहिल्यापासून नको आहे."

"बाण, धनुष्य काही आणणार नाही," आजोबा म्हणाले. "फक्त शोधायचं आहे."

"नाही."

मला राहवलं नाही. "ती तिकडे तडफडत असेल हो," मी म्हटलं. "कदाचित अजून जिवंत असेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मग मारलं कशाला तिला?"

मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "विचारलंत ते बरोबरच आहे," ते त्याला म्हणाले, आणि वळले. कुत्रेवाल्याला त्यांनी गाडीतून फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

तो दिवस आम्ही भावाच्या जमिनीवर, कुंपणाच्या कडेकडेने घालवला. कधी कधी जखमी हरीण वळून परत येतं, असं ते म्हणाले. आलं नाही. पुढचे चार दिवस ते एकटेच जात राहिले. गुरुवारी मला म्हणाले, पाणकणसांवर कावळे उतरत होते. मी म्हटलं, म्हणजे तीच का? "असेल," ते म्हणाले. "आता मांस कुणाच्या कामाचं नाही. पण माझं या वर्षीचं हरीण मारून झालं." परवान्यावर त्यांना अजून एक मारता आलं असतं. धनुष्य मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ती सापडली नाही. किती वेळ जगली, ते आम्हाला कळलं नाही.

मार्चमध्ये त्यांच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली. आजींच्या केअर होमच्याच आवारात एक खोली त्यांनी घेतली. सामान बांधायला मी गेले होते तेव्हा शेवटी ते बोललं गेलं माझ्याकडून. म्हटलं, "पावसाचं मी उगाच पुढे केलं. मला कार्यक्रमाला जायचं होतं. आपण चारला गेलो असतो तर..."

ते कप वर्तमानपत्रात गुंडाळत होते. "हो," म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं मला."

"मग तुम्ही 'नको' का नाही म्हणालात?"

"तू आली नसतीस, तर कोण येणार होतं?"

मी पुढचा कप उचलला. त्यांनी आजींना हे सांगितलंय का, असं विचारायचं माझ्या मनात होतं, कारण आजीच असत्या तर थांबल्या असत्या. विचारलं नाही. आजी आता त्यांनाही ओळखत नव्हत्या, त्यांना कुणीतरी सभ्य पाहुणा समजून रोज नव्याने नाव विचारायच्या. खोके संपत आले होते. पावणेअकराला, आजींकडे जायच्या वेळेला, आजोबा हात धुऊन कोट घालायला गेले, आणि मी स्वयंपाकघरातल्या उरलेल्या बशा एकटीनेच गुंडाळत बसले.