तापातला पाव

आमच्या लालबागच्या घरात स्लाइस पाव यायचा तो कुणाला ताप आला तरच. चहात बुडवून खायचा, बरं वाटलं की पुन्हा चपाती. म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षी, उद्या डब्यात सँडविच देशील का, असं मी आईला विचारलं तेव्हा तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावला.

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. आमच्याच चाळीतली माझी मैत्रीण शाळेपासून माझ्या डब्यातलं हक्कानं खायची. आम्ही दोघींनी गिरगावातल्या कॉलेजात प्रवेश घेतला. दोघींच्याही घरातून त्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे एकमेकींना सोडायचं नाही असं ठरलंच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. निदान मी तरी. पण वर्गात गिरगावातलीच एक ख्रिश्चन मुलगी होती. तिच्याकडे रविवारी भाजलेलं मटण उरलं की सोमवारी त्याचे पातळ काप पावात जायचे. लोणी, हिरवी चटणी, आणि पावाच्या कडा कापून टाकलेल्या. मैत्रीण सोमवारी तिच्याशेजारी बसू लागली. मग सँडविच नसलेल्या दिवशीही. ती मुलगी मलाही तुकडा द्यायची, त्यामुळे तिचा राग करायलाही धड कारण सापडेना. मी पोट भरलंय म्हणायचे आणि त्या सरळ कापलेल्या कडांकडे बघत बसायचे.

आईनं सँडविच केलं ते तिला ठाऊक होतं तसं. आजाऱ्याला देतात तसे पाव तव्यावर कडक भाजले, आणि कोरडा पाव पोरगी गिळणार कसा म्हणून आत कांद्यावर परतलेला सुका जवळा भरला. डबा उघडल्याबरोबर सुक्या मासळीचा वास अख्ख्या बाकावर पसरला. मी झाकण लावणार तोच मैत्रिणीनं डबा ओढला.

"काकींचा जवळा? आणि एकटी खाणार होतीस, चोर."

तिनं तुकडा मोडला आणि आधी त्या मुलीला दिला. मी बघत होते. ती मुलगी म्हणाली, जवळा आमच्याकडेही करतात, पण पावात घालायचं आईला कधी सुचलं नाही. कडक पाव तर तिला फारच आवडला. मला एक घास उरला.

"हिच्या घरी मी लहानपणापासून जेवते," मैत्रीण तिला सांगत होती. "रविवारी चल, नेते तुला."

घर माझं होतं, पण बोलावणं तिनं केलं. मी "ये ना" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रिकामा डबा बघून आई खूश झाली. उद्याही पाव आणू का, म्हणाली. मी म्हटलं, रविवारी आण, दोघी येणार आहेत. आमच्या खोलीत पाहुण्यांनी बसायला एक खाटच आहे. तिथे मधे मी बसणार, हे मी जिना चढतानाच ठरवून टाकलं होतं.