शून्य सेकंदांची चाचणी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मला हे अजूनही हसत सांगता येत नाही.

काचीगुड्याला स्टेशनामागे आमचं ऑफिस. माझे सहा महिने भरत आले होते. कायम करायचं की नारळ द्यायचा, ते मालक मूर्ती सर ठरवणार होते.

दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरसाठी आम्ही पायथनमध्ये निकाल लावायचा प्रोग्रॅम केला होता. पण तिथे बसवायला गेलं की तो आधी आठ-दहा वेगळी सॉफ्टवेअरं मागायचा. सगळी आमच्या चाचण्यांची, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासायची अवजारं. गिऱ्हाइकाला त्यांचा काय उपयोग? डब्याबरोबर शेगडी पाठवल्यासारखं ते. त्यात तेव्हाचं इंटरनेट फोनच्या तारेतून ठिबकायचं.

"अम्मा, वो फालतू सामान निकाल देव," मूर्ती सर मला म्हणाले.

साफसफाई, आणि मला सांगितली. आईच्या गौलीगुड्याच्या घरातली बरण्यांची झाकणं मी टाकून दिली होती, बरण्या घरात असताना. तर डब्यातली शेगडी मी काढली. मग हात लागलाच आहे म्हणून स्वयंपाकघरातलीही काढली. म्हणजे चाचण्या शोधून चालवणारं अवजार आमच्याच कॉम्प्युटरवरून पुसलं.

मग पायथनची साधी आज्ञा देऊन चाचण्या चालवल्या. एरवी बारा मिनिटं लागायची. आता पडद्यावर आलं: शून्य सेकंद, ओके.

तुम्हाला शंका आली असती. मला अभिमान वाटला.

"सर, कचरा गेल्यावर वेग बघा."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "शून्य?"

"शून्य."

"कमाल है." त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या युसूफभाईंना सांगितलं, हिच्याकडून शिका. युसूफभाई वही घेऊन बसले. मी शिकवलं. त्यांच्या कॉम्प्युटरवरूनही ते गेलं.

त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅममध्ये एक बदल केला: ज्याची सर्वांत कमी उत्तरं चुकली, तो पहिला. तपासला का? तपासला की, शून्य सेकंदांत.

सोमवारी सेंटरच्या जाधव सरांचा फोन. मूळचे नांदेडचे, आवाज कधी चढत नाही.

"ताई, निकाल बोर्डावर लावला. पहिला आलेला पोरगा महिनाभर इकडे फिरकलाच नाही."

"मग पेपर कसा दिला?"

"दिलाच नाही. म्हणून तर एकही उत्तर चुकलं नाही त्याचं. वडील पेढे घेऊन आलेत. मी काय करू?"

मूर्ती सर माझ्या खुर्चीमागे आले. पडद्यावरची ओळ त्यांनी सुरुवातीपासून वाचली. मी फक्त शेवट वाचला होता. चालवलेल्या चाचण्या: शून्य.

लाजेनं माझे कान तापले. मी जाधव सरांना फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. मूर्ती सरांनी मला काढलं नाही, कायमही केलं नाही. आणखी सहा महिने दिले. "अबकी बार परीक्षा देके पास होव, अम्मा."

संध्याकाळी ऑफिसात पेढ्यांचा डबा आला. वर जाधव सरांची चिठ्ठी होती: 'पेपर न देता पहिल्या आलेल्या ताईंना.'