दुसरा नंबर

सातिवलीतल्या कारखान्यांच्या गाळ्यांसमोरून जाताना वेल्डिंगचा जळका वास आला, की मला आयटीआयमधली ती स्पर्धा आठवते. इतक्या मुलांत मी एकटीच मुलगी होते. परीक्षकांनी माझा जोड हातोडीने ठोकून पाहिला आणि म्हणाले, "सगळ्यांत पक्का हाच." मग ते आमच्या सरांकडे वळले. "पण पुढची फेरी नागपूरला. मुलीला कुठे पाठवता?" मला दुसरा नंबर मिळाला.

पापडी गावातल्या घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, ते चिडतील, भांडायला जातील. त्यांनी हुश्श केलं.

"बरं झालं बाय, नाहीतर मलाच नाही म्हणावं लागलं असतं."

परीक्षकांवरचा राग केव्हाच निवला. पप्पांचं ते हुश्श मात्र अजून ऐकू येतं.