दारावरचे अण्णा

विशेषांक निघतो तो मासिकाचा, एवढंच मला माहीत होतं. जीपचाही निघतो, हे नांदेडच्या एका टायरवाल्या शेठनी शिकवलं.

जीप आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची. लातूर-किल्लारी रस्त्यावर ती वर्षानुवर्षं काळी-पिवळी म्हणून धावली. आत जितकी माणसं, तितकीच मागं लटकलेली. वय झाल्यामुळे तिचा परवाना गेला, तेव्हा अण्णांनी ती भंगारात घातली नाही. सीटा काढल्या, काचा काढल्या, समोर लोखंडी जाळी बसवली, आत पाइपांचा पिंजरा केला, आणि अर्धापूरकडच्या मातीवरच्या शर्यतीत ती घेऊन उतरले. उलटताना उघडू नयेत म्हणून दारं वेल्डिंग करून बंद केली होती. आत जायची वाट एकच, खिडकी. उजवा पाय दाराच्या मधोमध टेकवायचा, वरचा पाइप धरायचा आणि अंग आत टाकायचं. अण्णांनी इतकी वर्षं पाय टेकवला की तेवढ्या जागेचा रंग उडून पत्रा चकचकीत झाला होता.

अण्णा गेले आणि धाकट्या भावानं स्टिअरिंग धरलं. मी लातुरात कॉलेजात इतिहास शिकवतो. घराण्याच्या वारशातली मला फक्त पाठदुखी मिळाली. अण्णांनाही ती होती. संध्याकाळी ते ओसरीवर पालथे पडायचे आणि म्हणायचे, "या रे, पाठ तुडवा." मी जड म्हणून मान बहुतेक धाकट्याला मिळायचा. तो भिंतीला हात लावून त्यांच्या पाठीवरून वरखाली चालायचा, आणि उतरल्यावर माय त्याला अण्णांच्या पाया पडायला लावायची. पाय लागला की पाया पडायचं, हा हिशोब आमच्या घरात चोख होता.

यंदा शेठनी भावाला टायर दिले, आणि टायरांबरोबर कल्पना दिली. जीप पुन्हा काळी-पिवळी रंगवायची आणि दोन्ही दारांवर अण्णांचा मोठा फोटो चिकटवायचा. 'कैलासवासी अण्णा स्पेशल एडिशन.' फोटोत अण्णांना केशरी फेटा होता. त्यांनी तो जन्मात घातला नव्हता, स्टिकरवाल्यानं कॉम्प्युटरवर बांधला. माणूस गेला की आपल्याकडं त्याला फेटा मिळतो. जिवंतपणी हेल्मेटसुद्धा उसनं आणावं लागतं.

शर्यतीच्या दिवशी केळी काढून सपाट केलेल्या रानात मंडप, पडदा, शाली, नारळ असं सगळं होतं. निवेदक देगलूरचा होता. तो मराठीत सुरुवात करायचा, हिंदीत रंगायचा आणि भावनेच्या भरात तेलुगूत शिरायचा. मायला पहिल्या रांगेत बसवून शाल पांघरली होती. भर उन्हात ती शालीत घामाघूम झाली होती, पण काढायची कशी, म्हणून बसून होती. जीपवरचा पडदा ओढला. टाळ्या झाल्या. भाऊ हेल्मेट घालून दारापाशी आला आणि पाय उचलून तसाच थांबला.

पत्रा जिथं चकचकीत झाला होता, तिथं आता अण्णांचं नाक होतं.

त्यानं पाय खाली घेतला. माझ्याकडं पाहिलं. "दादा, आता?"

"चढ ना बे लवकर," गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"बापाच्या तोंडावर पाय देऊ का रे? तू देतोस का तुझ्या?"

शेवटी दोन मेकॅनिकांनी त्याला आडवा उचलला आणि पाय पुढं करून खिडकीतून आत सरकवला, भट्टीत पाव सरकवावा तसा. लोक हसले. मला हसू आलं नाही. मी शेठना गाठलं.

"आत तर घातला. बाहेर कसा यायचा?"

"जिंकून आल्यावर खांद्यावरच काढू की, सर."

"आणि न जिंकता यायची वेळ आली तर?"

"शुभ बोला, सर," शेठ म्हणाले आणि फोटो काढायला उभे राहिले.

टँकरनं नुकतंच पाणी मारलं होतं, तरी पहिल्याच फेरीत धुरळा उठला. माय खुर्ची सोडून माझ्याजवळ दोरीपाशी आली. भाऊ दुसरा होता. प्रत्येक वळणावर तो पुढच्याच्या आत घुसायला बघायचा आणि माय माझं मनगट दाबायची. बांधाकडच्या वळणावर तो घुसला. त्याचं चाक पुढच्या गाडीच्या चाकाला घासलं, जीप दोन चाकांवर उभी राहिली, विचार केल्यासारखी थोडी थांबली, आणि डाव्या अंगावर पडली.

आम्ही पळत सुटलो. पेट्रोलचा वास आधी आला, मग बॉनेटमधून धूर दिसला. जीपचा टप बांधावरच्या काटेरी तारेत रुतला होता. पुढं धूर होता. खाली उतरायला एकच वाट होती: वर आलेल्या दारावरून चालत चाकांच्या बाजूला. त्या दारावर अण्णा फेटा बांधून आभाळाकडं बघत होते.

खिडकीतून भावाचं डोकं आलं, मग खांदे, मग कंबर. काठावर बसून त्यानं पाय बाहेर काढले आणि हवेतच धरले.

"उडी मार!" लोक ओरडत होते.

तो मागच्या अंगाला सरकू लागला. तिथं धरायला काही नव्हतं. नवा रंग गुळगुळीत होता. तो घसरला आणि छातीपर्यंत परत आत गेला. धूर काळा झाला होता. टँकरवाला टँकर वळवत होता आणि ओल्या मातीत त्याचं चाक जागच्या जागी फिरत होतं. भाऊ पुन्हा वर आला. पुन्हा पाय हवेत. मी "सोड ते सगळं" असं काहीतरी ओरडलो. ते मलाच ऐकू गेलं नाही.

मायनं शाल फेकली.

"कामून थांबलास रे मुडद्या! ठिव पाय!"

"माय, अण्णा हायेत!"

"पाठ समज! पाठ समज त्यांची आन तुडव! मी सांगायले ना!"

त्यानं पाय ठेवला. एक फेट्यावर, एक कपाळावर, हनुवटीवरून पुढं, आणि उडी. आम्ही त्याला धरून ओढत नेलं. पाठोपाठ भक् करून बॉनेट पेटलं. तोवर टँकर सुटला होता. त्यानं पाणी मारलं आणि बराच वेळ नुसती वाफ निघत राहिली.

भाऊ धड होता. हात सोलवटला होता, एवढंच. वाफ ओसरल्यावर तो उठून जीपकडं गेला आणि दारावरच्या अण्णांना हात लावून कपाळाला लावायला गेला. पत्रा तापलेला होता. त्यानं झटकन हात मागं घेतला आणि बोटं तोंडात घातली.

"बस झालं," माय म्हणाली. "पोचलं त्यांना."

निवेदकानं 'कैलासवासींच्या आशीर्वादानं' टाळ्या वाजवायला सांगितलं. शेठ दारावरचे बुटांचे ठसे रुमालानं पुसू लागले. फोटो काढायचा होता. मायनं त्यांच्याकडं असं पाहिलं की रुमाल खिशात गेला.

महिन्याभरानं शेठ लातूरला घरी आले. नवी कल्पना होती: फोटो दारावर नको, टपावर चिकटवू. "तिथं काही पाय लागत नाही."

"जीप उलटी पडल्यावर, शेठ?" भावानं विचारलं.

शेठनी चहा संपवला.

इंजिन नवं बसलं, जीप पुन्हा उभी राहिली. दारावरून स्टिकर खरवडून काढलं, पण त्याचा डिंक काही निघाला नाही. रॉकेल लावून झालं, थिनर लावून झालं. त्याचं भावाला काही वाटत नाही. चढताना पाय तिथं चांगला धरतो, म्हणतो.