आण्णांसाठी आणलेला साऊंड

घरात नवी वस्तू एकटी येत नाही. वस्तू बसते कोपऱ्यात गप, आणि तिच्या मागनं आलेल्या गोष्टी गल्लीभर हिंडतात. आमच्या विंझरच्या घरात टीव्हीला जोडायचा साऊंड आल्यापासून इतकं काय काय घडलंय, की माहेरी फोन लावला की आई आधी विचारते, "नात बरी हाय ना? मग आता साऊंडचं सांग!"

*

सुरुवात टीव्हीपासनं. आमची चिमी अडीच वर्षांची. जुन्या टीव्हीतल्या माणसांना ती वरणभात भरवायची, काच नुसती बरबटलेली! म्हणून आमच्या ह्यांनी नवा पातळ टीव्ही आणला आणि भिंतीवर लावला, चांगला उंच. माझा जीव खालीवर. भिंतीनं धरलं नाही तर? पोरीच्या डोक्यावर आला तर? रोज सकाळी मी स्टुलावर चढून स्क्रू हलवून बघायची.

आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, काळजी वेगळीच. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "देव्हाऱ्याच्या वर लावलास व्हय रं? आता उदबत्ती कुणाला ववाळू?"

*

पण त्या टीव्हीचा आवाज लई बारीक. त्यात आमच्या सासऱ्यांना, सगळे त्यांना आण्णाच म्हणतात, कमी ऐकू येतं. ते कबूल मात्र करायचे नाहीत. ह्यांनी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "माझं कान खणखणीत हायेत! टीव्हीचं तोंड मागं हाय. भिंतीला ऐकवतोय त्यो!"

आम्ही हसलो. मग ह्यांनी नसरापूरच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "बरोबर आहे की. पातळ टीव्हीचे स्पीकर मागं नाहीतर खाली असतात. वेगळा साऊंड लावा."

झालं! आण्णांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आता भिंतीला न्या डॉक्टरकडं!"

सगळे हसले, पण मला हसू येईना. आमचं घर रस्त्याला लागून. शनिवार-रविवार गडावर जाणाऱ्या गाड्या सुसाट. एकदा चिमी खेळता खेळता फाटकापाशी गेली. सासऱ्यांपुढं सुनेनं मोठ्यानं बोलायची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवशी मी परसातनं ओरडले, "आण्णा, पोरगी!" आण्णा ओट्यावरच होते, पाठमोरे. त्यांना पत्ताच नाही. मी पळत जाऊन तिला उचललं. तेव्हापासून चिमीला त्यांच्यापाशी एकटी सोडली नाही. रानात जाताना पण कडेवर. आण्णा नुसतं बघायचे.

*

साऊंड घ्यायला आम्ही सगळेच नसरापूरला गेलो. दुकानदारानं आधी टीव्हीखाली लावायची लांब पट्टी दाखवली. आत्याबाई म्हणाल्या, "ह्यात आवाज कुठं मावतोय?"

मग त्यानं चाकांचा मोठा डबा पुढं ओढला. "मावशी, ह्याला बॅटरी पण आहे. लाईट गेली तरी चालतो." आणि पूर्ण आवाजात गाणं लावलं. चिमी माझ्या पदरात शिरली. ह्यांनी कानात बोटं घातली. समोरचा रिक्षावाला डोकावून गेला.

आण्णा डब्यापुढं हाताची घडी घालून उभे. सगळं गाणं ऐकून घेतलं आणि दुकानदाराला म्हणाले, "बरा हाय. आता जरा मोठा लावा."

*

घरी आणला, तर प्लग लावायला जागा नाही! एका बोर्डात टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि ह्यांचा मोबाईल. मग स्वयंपाकघरातनं वायर ओढली. मी मिक्सरला चटणी लावली की साऊंड 'घुर्रर्र' करायचा. आण्णा कुस्त्या बघत होते. मी बटण दाबलं तसे आतनं ओरडले, "आता चिडला बघ पैलवान!"

वायरमननं येऊन सांगितलं, घराला अर्थिंगच नाही. मी आधी चिमीला कडेवर घेतलं, पोरगी सारखी त्या वायरीपाशी! त्यानं अंगणात खड्डा घेतला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला आणि म्हणाला, "रोज तांब्याभर पाणी घाला."

दुसऱ्या दिवशी बघते तर खड्ड्याला हळदकुंकू! आत्याबाई म्हणाल्या, "घर राखतोय अन् रोज पाणी मागतोय. म्हंजे देवच की!"

*

शेजारच्या सुमनवैनींनी तर कमालच केली. एक दिवस तणतणत आल्या.

"काल साडेसातला चॅनल का बदललं गं?"

"आण्णांना कुस्ती बघायची होती, वैनी. का?"

"का म्हंजे? तुमचा आवाज येतोय म्हणून मी माझ्या टीव्हीचा बंद ठेवते! काल माझ्या मालिकेत सून रडतीय, अन् आवाज येतोय 'उचल, उचल, आपट!'"

*

आणि हा परवाचा रविवार. भात कापायला आण्णा सोडून सगळे रानात. मला भाकरी पोचवायच्या होत्या. डोक्यावर पाटी, कडेवर चिमी, आणि ती काही केल्या कडेवर राहीना. लाईट गेलेली. रस्त्यावर गाड्यांची रांग. आण्णा ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून.

साऊंडबरोबर एक माईक आला होता. पाटी खाली ठेवली, चिमीचा हात धरला आणि बॅटरीवर साऊंड चालू केला. माझा आवाज काही मोठा निघेना. माईकमध्ये नेहमीसारखंच हळू म्हणाले, "आण्णा."

तेवढं रस्त्यापर्यंत गेलं! सुमनवैनी दारात आल्या. एका गाडीनं ब्रेक मारला. आणि आण्णा वळले. माझ्या हाकेला पहिल्यांदा वळले.

"काय गं पोरी?"

"मी रानात चाललेय. चिमीला तुमच्यापाशी ठेवू का?"

आण्णांनी परत रस्त्याकडं बघितलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग ते उठले, फाटकाची कडी लावली. खांद्यावरचं उपरणं काढलं, एक टोक चिमीच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. गाठ दोनदा ओढून बघितली.

"मला सगळं ऐकू येतंय," ते म्हणाले. "पर गाठ असू दे. तू निवांत जा."