फुकटच्या फ्लॉपीवरची कादंबरी

विकतचं मराठी सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून धुळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या मित्राकडून मी फुकटचं घेतलं. त्यावर अख्खी कादंबरी लिहिली आणि फ्लॉपी घेऊन जळगावच्या छापखान्यात गेलो. तिथल्या पडद्यावर माझ्या मराठीच्या जागी नुसते कंस नि टिंबं उमटली.

"भाऊ, तुमचा फॉन्ट आमच्याकडे नाही. कागदावर आणा," मालक म्हणाले.

धुळ्याला परतून मी सगळे कागद छापून नेले. ऑपरेटरने ते पुन्हा टाइप केले, पण नायिकेच्या तोंडचा प्रत्येक अहिराणी 'शे' त्याने 'आहे' करून टाकला.

"पुस्तकात शुद्ध नको का?" तो म्हणाला.

"दोंडाईच्याची बाई अशीच बोलते," मी वैतागून म्हणालो आणि शेजारी बसून एकेक 'शे' परत घालून घेतला.

पुढची कादंबरी मी हाताने लिहिली.