मंदाआत्याचं पुस्तक

मंदाआत्या आज सकाळी गेली. आणि ती अजिबात सोज्वळ, शांत, मनमिळाऊ वगैरे नव्हती.

दुपारपासून फॅमिली ग्रुपवर हेच तीन शब्द फिरून राहिले आहेत, म्हणून आधीच लिहून टाकते.

माझ्या मराठीत चुका असतील. जबलपूरची मराठी आहे. काढू नका.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली. "पाठवली" म्हटलं कोणी की लगेच सुधारायची, "मी आली. माझ्या पायानं."

गोहलपुरच्या एका कारखान्यात सलवार-सूट शिवायची. वाचन म्हणाल तर पेपरमधलं राशिभविष्य.

सहा वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीनं जुनी पुस्तकं रद्दीत काढली. आत्यानं कपाटात अंथरायला म्हणून एक जाडजूड कादंबरी उचलून आणली. कव्हर फाटलेलं, पहिली पानं गायब. पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कोणी, काही पत्ता नाही.

कपाट तसंच राहिलं. आत्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचत होती आणि एकटीच खो खो हसत होती.

एक विधवा खानावळवाली. तिच्याकडे रोज जेवायला येणारा एक चोर. आणि त्या दोघांचं लग्न होऊ नये म्हणून धडपडणारं अख्खं गाव.

बाबांनी चार पानं चाळली. "ताई, काय रद्दी वाचून राहिली तू?"

"रद्दीच आहे. तू नको वाचू, तुले झेपणार नाही."

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीतून कारखान्यात गेलं.

तिथं मराठी फक्त आत्याला यायची. मग ती मराठीत वाचायची आणि हिंदीत सांगायची. शबाना दीदी, कुसुम, सगळ्या मशीनवर वाकून ऐकायच्या.

"मंदा दीदी, फिर क्या हुआ?"

"हाथ चलाओ, बताती हूँ."

मालक ओरडला, "दीदी, ये सब यहाँ नहीं चलेगा."

आत्या म्हणाली, "हाथ रुका किसी का? दिखाओ भैया."

त्याला एकही दाखवता आला नाही. कादंबरी चालू राहिली. संपली, तर पुन्हा पहिल्यापासून.

मग मंडळात 'माझं आवडतं पुस्तक' असा कार्यक्रम झाला. आत्या कारखान्यातून थेट आली, सुटाला दोरे चिकटलेले. उठली आणि खानावळवालीची गोष्ट सांगायला लागली.

मागे लोक हसत होते. गोष्टीला हसत होते, चांगलं हसत होते.

समोरून एक पदाधिकारी म्हणाले, "मंदाताई, असलं नको. साहित्य सांगा काही."

आत्या म्हणाली, "मले हसू आलं, रडूही आलं. अजून काय पायजे साहित्याले?"

त्यांनी माईक पुढच्या बाईंकडे दिला.

बाबा कमिटीत होते. पहिल्या रांगेत होते. बाबा खाली बघत बसले.

मीही काही बोलले नाही. हेही लिहून टाकते.

गेल्या वर्षी शुगरनं आत्याचे डोळे गेले. मग किडनी. गेले दोन महिने ती घरीच, पलंगावर. दुपारी बाबा तिच्याजवळ बसायचे.

एकदा त्यांनी आपल्या कपाटातलं भारी पुस्तक काढून वाचायला घेतलं. आत्यानं अर्धं पान ऐकलं.

"विजू, हे नको. हे ऐकून वाटते मी कालच मेली. माझंवालं आण."

बाबांनी आणलं. वाचायला लागले, तर मीटिंगचा रिपोर्ट वाचतात तसं.

"काहून असं वाचतं रे? चोर आहे तो. चेअरमन नाही."

तिसऱ्या दिवशी मी किचनमधून आवाज ऐकला. बाबा खानावळवालीच्या आवाजात भांडत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते, इतके हसत होते.

मग एकदम थांबले. म्हणाले, "ताई, त्या दिवशी मंडळात मी उठायला पाहिजे होतं."

आत्या म्हणाली, "हो. पाहिजे होतं."

बाबांनी चष्मा परत लावला.

"आता पान उलटव," आत्या म्हणाली.

काल दुपारपर्यंत वाचन चालू होतं.

रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा आहे. मघाशी मंडळातून फोन आला, "बेटा, तू दोन मिनिटं बोल. थोडक्यात."

मी बोलणार नाही. मी पहिलं प्रकरण वाचणार आहे, जिथून पानं शिल्लक आहेत तिथून. वीस मिनिटं लागतात. माईक मागायला आलात तर बाबा माझ्या शेजारी उभे असतील. त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

कारखान्यातल्या सगळ्या जणी येणार आहेत. त्यांना पुढच्या खुर्च्या द्या. मी हिंदीतही सांगणार आहे.

ज्यांना हसू येईल त्यांनी हसा. शोकसभा आहे म्हणून दाबू नका.

आत्या, नीट जा.
तुझ्या पायानं.